बाद अर्जांची यादी

रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ: आमच्या पुरातत्त्व अभ्यासकांच्या संघटनेची खोली, धाराशिव. कामकाज: उमेदवारी अर्जांची छाननी. हजर: विद्यमान अध्यक्ष आणि पुन्हा त्याच पदाचे उमेदवार डॉ. रणदिवे; चिटणीसपदाचे एकमेव उमेदवार शेख सर; निवडणूक अधिकारी म्हणून मी, जी एरवी सभांचं इतिवृत्तही लिहिते; आणि अध्यक्षपदाचे दुसरे उमेदवार गुंडेराव अणदूरकर. तेही हजरच होते, पण टेबलाखाली.

माझ्या पेनाचं टोपण खाली पडलं होतं. मी उचलायला वाकले तेवढ्यात अणदूरकर काका ओरडले, "हलवू नका! आधी नोंद!" मग ते स्वतः टेबलाखाली शिरले. टोपण भिंतीपासून किती, टेबलाच्या पायापासून किती, सगळं टेपनं मोजून वहीत पेन्सिलीनं उतरवलं आणि मगच टोपण माझ्या हातात दिलं. छाननी सव्वाअकराला सुरू झाली. माझ्या कागदावर ती साडेदहाला होती.

या माणसाचा मला राग येतो. हे आधीच सांगितलेलं बरं.

काका निवृत्त आरेखक आहेत. उत्खननात सापडलेल्या वस्तूंची चित्रं काढण्यात त्यांचा जन्म गेला. वस्तू सापडली की तिला हात लावायचा नाही, आधी जागा मोजायची, हा त्या कामाचा रिवाज. पण काकांनी तो जगण्यालाच लावला. एकदा ते आमच्या घरी आले असताना सासूबाईंच्या हातून दह्याचं गाडगं फुटलं. काकांनी झाडू मारू दिला नाही. ते खापरांचं चित्र काढत बसले आणि सासूबाई अर्धा तास केरसुणी घेऊन उभ्या. दही वाहत शेजाऱ्यांच्या दारात गेलं. काका गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ह्या माणसाला पुन्हा घरात घेशील तर मी लातूरला जाईन लेकीकडं."

दुसरी खोड सभेतली. कुणी निबंध वाचायला लागलं की काका मागून विचारणार, "कुणाला?" डॉ. रणदिवे म्हणाले, "या थरात मातीची स्त्रीमूर्ती मिळाली," की मागून, "कुणाला मिळाली?" "अभ्यासकांना मिळाली हो." "असं का? बरं." दोन मिनिटांनी, "इथे मणी सापडले," की पुन्हा, "कुणाला?" शेवटी रणदिवे चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि मला सभा आवरती घ्यावी लागते. अशा आवरलेल्या सभांची माझ्याकडे यादी आहे.

आणि तिसरी खोड ही निवडणूक. दर तीन वर्षांनी काका अध्यक्षपदाचा अर्ज भरतात आणि दर वेळी तो बाद होतो. बाद होईल असाच ते भरतात. त्या दिवशी मी अर्ज उघडला. सगळा पेन्सिलीनं लिहिलेला. वयाच्या रकान्यात: 'अंदाजे सत्तर, अधिक-उणे दोन.'

"काका, शाईनं लिहायचं असतं."

"शाई ओलीत पसरती, मॅडम. खड्ड्यावर आमी कधी शाई वापरली न्हाय."

"हा खड्डा नाही. आणि हे अनुमोदक कोण? कौसाबाई निवृत्ती गवळी, गाव ईट. सभासद आहेत?"

"न्हाईत."

"अनुमोदक सभासद असावा लागतो, हे ठाऊक आहे ना?"

"व्हय की."

"मग?"

"मग करा की बाद," काका खुशीत म्हणाले. "हरकत न्हाय."

मागच्या खेपेला अनुमोदक होते कुणी गणपत, त्याआधी कुणी हुसेनभाई. सभासद कुणीच नाही. मी तीन रविवार घालून मतदारयादी करायची आणि या माणसानं त्याची थट्टा करायची! मी लाल पेननं 'बाद' लिहिलं, इतक्या जोरात की कागद फाटला.

आमच्या नियमाप्रमाणे वैध आणि बाद अशा सगळ्या अर्जांची यादी, सूचक-अनुमोदकांच्या पूर्ण नावांसह, निकाल लागेपर्यंत जिन्याखालच्या फलकावर लावावी लागते. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. विषय क्रमांक पाच. यापुढे बाद अर्ज फलकावर लावायचे नाहीत. तमाशा पुरे."

काकांचं हसू गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मॅडम, तेवढं करू नगा."

"का?"

"करू नगा म्हणतो," एवढंच बोलून त्यांनी टेप खिशात घातली आणि जिना उतरून गेले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बुधवारी दुपारी मी कार्यकारिणीच्या बाकी जागांच्या मतदानाच्या सूचना लावायला गेले. जिन्यावरून उतरताना खालून आवाज आले. फलकासमोर काका होते आणि शेजारी हातात पिशवी घेतलेली एक म्हातारी. ईटहून भूम, भूमहून धाराशिव, अशा दोन एसटी बदलून आलेली.

"ह्यातलं माजं कंचं, सायेब?"

"हिकडं बोट ठेवा, कौसाबाई. हे बघा. हितनं हितपर्यंत."

"आगं बया! येवडं लांबडं? ह्यात मालकाचं बी हाय व्हय?"

"हाय की. निवृत्ती."

"त्येचं कशाला? त्यानं एक दिस तरी कुदळ धरली का? मूर्ती मला घावली. मातीत तिचं नाक दिसलं आन् म्या वरडले."

"आन् मी काय म्हणलो?"

"हलवू नगा म्हणला. दिसभर मला तितंच बसवलं, उन्हात." म्हातारी हसली. मग तिनं बोट पुढं सरकवलं. "आन् हे तांबडं काय लिवलंय?"

ते माझं अक्षर होतं, यादीतलं 'बाद'.

काका म्हणाले, "ते व्हय? नोंद झाली, असं लिवलंय."

म्हातारीनं मान डोलावली. "कागद किती दिस ऱ्हातोय?"

"रविवारपर्यंत."

"मंग पोरीला दावायचं ऱ्हातंय की. ती तेरखेड्याला फटाक्याच्या कामावर हाय. दिवाळी झाल्याबिगर सुट्टी न्हाय तिला."

मी सूचना तशाच हातात धरून वर गेले आणि कपाटातून त्या उत्खननाचा अहवाल काढला. भूम तालुक्यातली ती पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, आम्ही खणली तेव्हा मी तिथं नवखी सहायक होते. मूर्तीचं पान उघडलं. वर काकांचं सुरेख चित्र, खाली ओळ: 'मातीची स्त्रीमूर्ती मिळाली.' मग शेवटचं पान, सहभागी व्यक्तींची यादी. संचालकांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं, पदं, पत्ते. तळाशी एक ओळ: 'मजूर: बावीस.'

ती यादी मीच केली होती. नीटनेटकी म्हणून माझं कौतुकही झालं होतं.

काका वर आले तेव्हा मी अहवाल लपवला नाही. रागातच विचारलं, "अहवालाला मजुरांच्या नावांची पुरवणी काढा म्हणून सांगायचं होतं ना!"

"पाच सभांत सांगितलं, मॅडम. इतिवृत्तात बघा. तुमीच लिवलंय. 'किरकोळ सूचना' म्हणून."

"मग अर्ज नीट भरायचा, निवडून यायचं आणि नावं छापायची!"

"मला कोण निवडून देतंय? आन् वैध अर्जावरचा अनुमोदक कोण वाचतंय? बाद अर्ज समदे वाचतात. रणदिवे सायेबबी वाचतात, चष्मा पुसून."

"वही दाखवा ती."

त्यांनी वही दिली. पहिल्या पानावर पेन्सिलीनं बावीस नावं, बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नि गावाच्या नावासकट. गणपत, हुसेनभाई, कौसाबाई या तिघांपुढे खूण. मी याद्या करणारी बाई आहे, त्यामुळे हिशेब आपोआप झाला. उरली एकोणीस. निवडणूक दर तीन वर्षांनी. वय अंदाजे सत्तर, अधिक-उणे दोन.

"काका, हे जमणार नाही."

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "त्यातले निम्मे बी आता ऱ्हायले न्हाईत. मलाच अधनंमधनं जाऊन बघून यावं लागतं. तेवढंच जाणं-येणं होतं माजं."

रविवारी डॉ. रणदिवे बिनविरोध अध्यक्ष झाले. "विषय क्रमांक पाच?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मागे घेतला, त्याजागी पुरवणीचा ठराव मांडते. त्यांनी तो 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवला आणि आभाराचं भाषण सुरू केलं. "या मातीत आम्हाला जे मिळालं..." मागचं बाक गप्प होतं. काका ईटला गेले होते. मग मीच विचारलं, "कुणाला?"

रणदिवेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्या दिवसाच्या माझ्या यादीत सहा कामं होती. मतपेटी परत करणे, झालं. सतरंज्या मोजणे, झालं. पाच कामांपुढे खूण आहे. शेख सरांनी दोनदा आठवण करून दिली, "मॅडम, निकाल लागून महिना झाला. फलकावरची यादी तेवढी काढतो मी."

"हलवू नका," मी ओरडलेच. शेख सर दचकून दोन पायऱ्या मागे गेले.

दिवाळीला अजून अवकाश आहे. सहावं काम, 'यादी उतरवणे', बाकी.