डेहणकर वकिलांचे पोट्टे

डेहणकर वकिलांशी तुमची ओळख झाली तर ते तुमचं गाव, जात, नोकरी यातलं काहीही विचारणार नाहीत. आमच्या वर्ध्यात एवढ्यानेच माणूस विक्षिप्त ठरू शकतो. ते चष्मा कपाळावर चढवतील, तुमच्याकडे निवांत बघतील आणि विचारतील, "पंधराव्या वर्षी काय चोरलं होतं?"

चोरलं होतं का, असं नाही. काय चोरलं होतं, असं.

हा प्रश्न त्यांनी एका बँक मॅनेजरला विचारलेला मी ऐकलाय, हाडांच्या डॉक्टरला विचारलेला ऐकलाय, आणि एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, नवरदेवाच्या बापाला विचारलेलाही ऐकलाय. गंमत म्हणजे लोक सांगतात. आधी छे छे करतात, मग इकडेतिकडे बघतात आणि मग डोळ्यांत चमक येते. मॅनेजरने संत्री चोरली होती, झाडासकट म्हणावीत इतकी. डॉक्टरने मामाची सायकल नेऊन परस्पर विकली होती. नवरदेवाचा बाप जरा जास्तच खुलला आणि त्याने शेजाऱ्याच्या कोंबड्याची हकीकत पिसं कुठे पुरली इथपर्यंत सांगितली. मुलीकडचे माळकरी होते. साक्षगंध मोडता मोडता राहिलं.

सगळं ऐकून घेतल्यावर डेहणकर म्हणायचे, "नशीबवान हा तुम्ही. पकडले गेले असते तर तुमची फाईल माह्याजोळ असती."

कारण डेहणकर हे वकील होते ते फक्त पोरांचे. चोरी, मारामारी, पाकीटमारी यांत सापडलेली अल्पवयीन मुलं, 'रिमांड होम'मधली. दिवाणी दावे नाहीत, घटस्फोट नाहीत, जमिनीची भांडणं नाहीत. नव्वदच्या दशकात सोळा वर्षं पूर्ण झालेला मुलगा कायद्याने मोठा माणूस होता. मग नवा कायदा आला आणि वयाची रेघ अठरावर गेली. डेहणकरांनी कोर्टाच्या कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. "दोन वर्षाचे पोट्टे एका झटक्यात मले भेटले," असं ते सांगत फिरत होते. जणू कोणी त्यांच्या नावावर शेत केलं होतं.

मी त्या काळात आमच्या संघटनेची पत्रकं लिहायची. माझ्या पत्रकात धिक्कार असो, जाब द्या आणि यापुढे खपवून घेतले जाणार नाही हे तीन शब्दप्रयोग नसले तर मला जेवण जात नसे. डेहणकरांकडे मी पहिल्यांदा गेले ती असंच एक पत्रक घेऊन. शीर्षक होतं, 'बालगुन्हेगारांना न्याय द्या'. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पहिलाच शब्द खोडला.

"गुन्हेगार कोनं ठरवला?"

"म्हणजे, आरोप आहे ना त्यांच्यावर."

"मंग? तू तर छापून शिक्षाच देऊन टाकली. न्याय कायले मागून राह्यली आता? झाला ना."

मी चिडले. त्यांनी पुढची दोन नावं खोडली, गावं खोडली, शेवटी पत्रकात फक्त धिक्कार असो उरलं. ते मला परत देत म्हणाले, "हे बराबर हाय. हे वाट."

त्यांच्या लुनाच्या हँडलला एक कापडी पिशवी अडकवलेली असायची. तिच्यात एक ढगळ बुशशर्ट होता, जांभळा, त्यावर पिवळी फुलं. पोरांसमोर पोलिसांनी वर्दीत येऊ नये असा नियम आहे. अशा मुलांच्या केसेस चालवणाऱ्या मंडळाच्या बैठकीला एखादा हवालदार वर्दीत आला की डेहणकर दारातच त्याच्या हातात तो शर्ट ठेवायचे. "हे घाला, मंग या." हवालदार आधी भडकायचा. पण डेहणकर कुणाशी भांडत नसत, नुसते दार अडवून उभे राहत आणि त्याला पंधराव्या वर्षाबद्दल विचारत. शेवटी जांभळ्या फुलाफुलांत साक्ष व्हायची. त्या शर्टाला सगळे 'सरकारी शर्ट' म्हणत. पोरं खाली मान घालून हसायची, आणि हसलेलं पोर खरं बोलतं हे डेहणकरांचं अनुभवाचं मत होतं.

मी एकदा त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"मी? काहीच नाई चोरलं," ते म्हणाले. "बाप हेडमास्तर होता माहा. त्याच्याच शाळेत होतो. घरीही हजेरी, शाळेतही हजेरी. तुले सांगतो पोरी, मोठं नुकसान झालं माहं."

आता त्या एका केसबद्दल सांगते. डेहणकर मला खऱ्या अर्थाने तिथे कळले. मुलाचं नाव सांगणार नाही, गावाचंही नाही. हिंगणघाटकडचं आहे एवढं पुरे. दोन मोठ्या माणसांनी एका शेतातल्या विहिरीवरची मोटर काढली आणि ती वाहून न्यायला या मुलाची सायकल घेतली. सायकल घेतली म्हणून मुलगाही गेला. तिघे सापडले. शाळेच्या दाखल्यावर मुलगा अठरा वर्षं दोन महिन्यांचा, म्हणून त्याला त्या दोघांबरोबर तुरुंगात पाठवलं. मोठा ठरला तर खटला मोठ्यांसारखा चालणार, शिक्षा झाली तर ती जन्मभर नावाला चिकटणार. अठराच्या आतला ठरला तर तो मुलांच्या मंडळापुढे जाणार आणि घरी परतायची वाट उघडी राहणार. सगळं दोन महिन्यांवर आलं होतं.

तुरुंगात भेटीला मी सोबत होते. मला तिथे एक रडवेला मुलगा दिसला. डेहणकरांना त्याचे हात दिसले.

"अबे, उभा राह्य जरा. हात खाली सोड."

मुलाने सोडले. गुडघ्यापर्यंत जवळजवळ पोचले.

"शाळेत टाकलं तवा कान धरलता का?"

मुलगा गोंधळला. मग म्हणाला, "हो. बाबानं नेलतं. आई गेली त्या साली."

डेहणकरांनी चष्मा कपाळावर चढवला. बाहेर आल्यावर लुना ढकलत ते इतके खूश होते की मला राग आला. मग त्यांनी समजावलं, आणि मला माझं बालपण आठवलं. खेड्यात पूर्वी जन्माचा कागद कुणाकडे असायचा? पोराला शाळेत नेलं की गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. बोटं कानाला लागली तर सहा वर्षं पूर्ण. नाही लागली तर पुढच्या वर्षी ये. ज्याचा हात पुरला त्याला गुरुजी जन्मतारीख लावायचे, बहुतेक एक जुलै. आमच्या जिल्ह्यातला अर्धा माणूस एक जुलैला जन्मलाय, माझे वडीलसुद्धा.

"दाखल्यावर वय पोट्ट्याचं नाई," डेहणकर म्हणाले. "त्याच्या हाताचं हाय."

हाडांच्या डॉक्टरने (तोच, मामाच्या सायकलवाला) एक्सरे बघून सतरा ते एकोणीस असं लिहून दिलं. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. आई गेल्याची नोंद ग्रामपंचायतीत सापडली. पण तेव्हा मुलगा पाचच वर्षांचा होता हे शपथेवर सांगणारा एकच माणूस होता, त्याचा बाप. आणि बाप यायला तयार नव्हता.

त्याचं गावात किराणा दुकान होतं. आम्ही गेलो तर तो डाळ मोजत होता, आणि मोजतच राहिला.

"कोर्टात उभं राहून मी शाळेत खोटं सांगतलं म्हणू? मले जमनार नाई," तो म्हणाला. "माहं दुकान हाय वकीलसाहेब. शाळेत एक वरीस वाढवून सांगते तर तराजूतही काही करत असन, असं म्हनतीन लोक. आधीच पोरानं तोंड काळं केलं."

मी उसळले. "पोरगा तुरुंगात सडतोय आणि तुम्हाला तराजूची पडलीय?" पत्रकातली आणखी दोन वाक्यं जिभेवर होती.

"बाई, तुमी जरा बाहेर जाऊन चिवडा खा," डेहणकर म्हणाले. मी गेले नाही. पण गप्प बसले.

डेहणकर बारदानाच्या थप्पीवर टेकले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. दुकानदार सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाला, "कधीच काही नाई चोरलं." मी डेहणकरांना पहिल्यांदाच अडकलेलं पाहिलं. त्यांनी मान हलवली. "माहंही तसंच," ते म्हणाले. दोन गिऱ्हाइकं आली, साबण आणि तेल घेऊन गेली.

शेवटी डेहणकरांनी विचारलं, "शाळेत नेलं तो दिवस कसा होता?"

दुकानदाराने तराजू खाली ठेवला. "बायको जाऊन महिना नव्हता झाला. पोट्टा दिवसभर त्या गुळाच्या ढेपीजोळ बसे अन् आईले हाका मारे. गिऱ्हाइकं यायची अन् रडून जायची. म्या म्हटलं, शाळेत चार पोरं तरी भेटतीन. हात धरला अन् नेला."

"गुरुजीनं वय विचारलं?"

"नाई. कान धर म्हनलं. यानं धरला." त्याने गुळाच्या ढेपीकडे पाहिलं. "हासला. महिन्यात पह्यल्यांदा हासला. गुरुजी म्हने, झाला सहाचा. म्या काय बोलनार होतो?"

"म्हंजे तुमी खोटं नाई बोलले."

"आँ?"

"कोनी विचारलंच नाई, तर खोटं कुठून आलं? कोर्टात हेच सांगा. खोटं बोललो म्हनू नका. हात पुरला म्हना."

दुकानदार उठला आणि त्याने आम्हाला चहा सांगितला.

तारखेच्या दिवशी तो इस्त्रीचं धोतर नेसून आला आणि पिंजऱ्यात अगदी ताठ उभा राहिला. सरकारी वकिलांनी आवाज चढवून विचारलं, "म्हणजे तुम्ही शाळेची फसवणूक केली?"

"नाई साहेब. गुरुजीनं हात पाह्यला. हात पुरला. पाचचा होता, तरी पुरला. आताही पाहून घ्या, त्याचे हात लांबच हाय."

दाराशी उभ्या पट्टेवाल्याचा उजवा हात आपोआप डोक्यावरून कानाकडे गेला. टायपिस्टचाही गेला. न्यायाधीशांचा हात खांद्यापर्यंत उचलला गेला आणि मग आपण कुठे बसलो आहोत ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मुलाला पुढे बोलावलं, त्याच्या हातांकडे पाहिलं, बापाला दोन प्रश्न विचारले आणि आईच्या मृत्यूची नोंद पुन्हा वाचली. मुलगा अठराच्या आतला ठरला. प्रकरण मंडळाकडे गेलं, आणि मंडळाने काही दिवसांत त्याला बापाच्या ताब्यात दिलं. बापलेक फाटकातून बाहेर पडले तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते, पण मुलाची पिशवी बापाच्या हातात होती.

मी लगेच पत्रक लिहायला घेतलं. डेहणकरांनी ते घडी करून माझ्याच पर्समध्ये ठेवलं.

दीड-दोन वर्षांनी आम्ही त्याच भागात दुसऱ्या एका मुलाच्या आईला भेटायला गेलो होतो. परतीच्या बसला वेळ होता. डेहणकर म्हणाले, गूळ घ्यायचाय. मी म्हटलं, वर्ध्यात मिळतो की. ते चालायला लागले होते.

दुकानात आता मुलगा बसला होता. तराजू त्याच्या हातात होता, समोर गावातलीच दोन गिऱ्हाइकं होती. बाप आतल्या खोलीच्या दारात दिसला. आम्हाला पाहून मुलाचा हात तसाच थांबला.

"गूळ कसा दिला, दुकानदार?" डेहणकरांनी विचारलं. अनोळखी माणसाला विचारावं तसं.

मुलाने भाव सांगितला. तोंडातून दुसरंच काही निघणार होतं, पण डेहणकर गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "आमी परगावचे. बसची वाट पाहून राह्यलो." मग त्यांनी पाणी मागितलं. मुलाने आतून तांब्या आणला. डेहणकरांनी तो इतक्या सावकाश रिकामा केला की मला बस चुकायची काळजी वाटली. तांब्याच्या काठावरून ते पूर्ण वेळ त्या मुलाकडे बघत होते. बाप दारातून हलला नाही.

कायदा म्हणतो की अशा मुलाच्या मागे या प्रकरणाची कुठलीही खूण उरता कामा नये. डेहणकरांनी तो नियम स्वतःलाही लावून घेतला होता, हे मला तिथे समजलं. वर्ध्याच्या बाजारात कितीतरी तरणी पोरं त्यांना बघून थबकायची आणि हे सरळ पुढे निघून जायचे. लोक त्यांना गर्विष्ठ म्हणत, मीही मनात म्हणायची. घरी तर त्यांचं कोणीच नव्हतं. लग्नच केलं नव्हतं त्यांनी.

आम्ही बसथांब्याकडे निघालो. डेहणकर रस्त्याकडे बघतच म्हणाले, "मिशी आली त्याले."

माझ्या तोंडावर त्या मुलाचं नाव आलं होतं.

"कोणाला?" मी विचारलं.

डेहणकर थांबले. माझ्याकडे त्यांनी चष्म्यातून बघितलं, मग पुडी सोडली, गुळाचा मोठा खडा फोडला आणि माझ्या हातावर ठेवला.