मी मागं येतोय

दत्तोपंत माजलगावकरांनी एक दगड फेकला, तिथून हे सगळं सुरू झालं.

(कुणाच्या अंगावर नाही. तेवढी धमक असती तर गोष्ट वेगळीच झाली असती.) दगड होता काकासाहेबांचा. काकासाहेब म्हणजे दत्तोपंतांचे सख्खे चुलते. रेडिओ, पंखे, जे हाताला लागेल ते खोलून दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. पुंडलिकनगरातल्या उतारावर आपली जुनी पांढरी गाडी उभी केली की ते चाकाखाली हा दगड सरकवायचे. वारले त्याच्या आदल्या संध्याकाळी डिकीत डोकं खुपसून काहीतरी खुडबुड करत होते. "दत्ता, उद्या तुला एक गंमत दाखवतो," म्हणाले. त्यांचा उद्या काही उजाडला नाही. घर आवरताना त्यांच्या गोधड्या कुणीतरी डिकीत कोंबल्या, आणि तशीच्या तशी गाडी दत्तोपंतांकडे आली.

आता बँकेत हेडक्लार्क असलेल्या माणसाच्या गाडीला दगड, हे दत्तोपंतांना गावंढळ वाटलं. त्यांनी तो शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये भिरकावला आणि मोबाईलवर बघितलं होतं तशी गाडी रिव्हर्स गिअरमध्येच ठेवून उभी करायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरलेली. चार्ज केली, उतरली. नवीन आणली, तीही उतरली. गल्लीतली माणसं सकाळी दत्तोपंत दिसले की दार लावून घ्यायला लागली. (धक्का मारून मारून तरी किती मारतील?)

"शनिवारी चारुताचे होणारे सासू-सासरे हैदराबादहून येतायत," मीनाक्षीबाईंनी बजावलं. "घरच्या गाडीनं न्यायला येतो, असं फोनवर मोठ्या तोंडानं तुम्हीच सांगितलंत. लेकीच्या सासऱ्यांना चिकलठाण्याच्या विमानतळावर गाडी ढकलायला लागली, तर रविवारी ती भंगारात. काकासाहेबांची असो नाहीतर कुणाची."

काकासाहेबांची तेवढीच एक खूण उरली होती.

मुकुंदवाडीच्या सांडू मिस्त्रीनं गाडी दोन दिवस ठेवून घेतली. शुक्रवारी दुपारी दत्तोपंत गेले, तर सांडू बॉनेटपासून जरा लांबच उभा.

"साहेब, बॅटरी एकदम टकाटक हाय. गाडीत बसून कोणतरी करंट पितंय."

"कोण?"

"तेच समजंना. इथं न्यूट्रलला उभी ठेवली, तर एक थेंब पीत नाय. तुमच्याच दारात पितंय. गाडी कोणाची व्हती?"

"काकांची. वारले."

सांडूनं हातातला पाना खाली ठेवला. "लई जीव व्हता का गाडीवर?"

"फार."

"मंग त्या मापाचा पाना माझ्याकडं नाय, साहेब."

दत्तोपंतांनी गाडी घरी आणली, गिअर टाकला आणि देवाचं नाव घेऊन उतरले. दिवेलागणीला गल्लीतली वीज गेली. अमावास्या होती, हे त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं. ते गाडी बघायला बाहेर आले. रोज गाडीखाली झोपणारं कुत्रं आज समोरच्या ओट्यावर बसून डिकीकडे टक लावून बघत होतं. वारा पडलेला. आणि डिकीच्या आतून, गोधडीत तोंड खुपसून बोलावं तसा, एक घोगरा आवाज आला.

"दत्ता..."

दत्तोपंतांच्या पायातली चप्पल आपोआप निघाली.

"...मागं येतोय..."

"नका येऊ काकासाहेब," दत्तोपंतांनी हात जोडले. "मुलीचं लग्न ठरायचंय."

"...मी मागं येतोय..."

मीनाक्षीबाई मेणबत्ती घेऊन आल्या. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी डिकीला कान लावला, आणि मेणबत्ती हलायला लागली.

"अहो, हा काकासाहेबांचाच आवाज." त्या कुजबुजल्या. "काय केलंत तुम्ही त्यांचं?"

"काही नाही."

"आठवा."

"दगड फेकला."

पुढचा अर्धा तास माजलगावकर नवरा-बायको मोकळ्या प्लॉटमध्ये मोबाईलच्या उजेडात ओणवे होऊन दगड शोधत होते. (प्लॉटात दगडांना तोटा नव्हता. ओळख पटवायला मीनाक्षीबाई होत्या.) सापडला. दत्तोपंतांनी तो दोन्ही हातांनी चाकाखाली ठेवला. "चुकलो काकासाहेब. आता सगळं तुमच्यासारखंच," म्हणत गिअर काढून गाडी न्यूट्रलला आणली.

त्याच क्षणी आवाज थांबला. अर्ध्या शब्दावर.

मीनाक्षीबाईंनी दगडाला हळद-कुंकू वाहिलं आणि दहीभात ठेवला. कुत्र्यानं तो भक्तिभावानं खाल्ला.

शनिवारी सकाळी किल्ली फिरवली, आणि पहिल्या फटक्यात गाडी सुरू. दत्तोपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुण्यांच्या बॅगा ठेवायच्या म्हणून मीनाक्षीबाईंनी डिकीतल्या गोधड्या काढल्या, दगडाला नमस्कार केला, आणि दोघं निघाले.

विमानतळाबाहेर व्याही आणि विहीणबाई बॅगा घेऊन उभे होते. डिकी बरोबर त्यांच्यासमोर आणावी म्हणून दत्तोपंतांनी ऐटीत एक हात सीटवर टाकला, मान मागं वळवली आणि रिव्हर्स टाकला.

"दत्ता!" अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल असा काकासाहेबांचा आवाज गरजला. "सरक बाजूला, मी मागं येतोय. येड्या, गाडीच्या मागंच काय उभा राहतोस? तुला कधी अक्कल येणार? दत्ता! सरक बाजूला..."

व्याही बाजूला सरकले. दत्तोपंत घाबरून गाडी सोडून उतरले आणि सवयीनं तेही बाजूला सरकले. मीनाक्षीबाईंनी डिकी उघडली. कोपऱ्यात एक भोंगा, काकासाहेबांचा आवाज भरलेली एक डबी, आणि थेट बॅटरीकडे गेलेली लाल वायर. काकासाहेब गाडी मागं घेत असताना दत्तोपंतांना रोज गाडीमागं उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" करायची खोड होती. तिच्यावर काकासाहेबांनी शेवटच्या संध्याकाळी काढलेला हा तोडगा.

"म्हणजे तुम्ही रोज रिव्हर्स टाकून ठेवत होतात," मीनाक्षीबाई म्हणाल्या, "आणि ते बिचारे रात्रभर गोधडीखालून ओरडत होते."

"वडीलधारं माणूस घरात अजून बोलतंय म्हणायचं," व्याही म्हणाले. "बरं वाटलं. लग्न पक्कं समजा."

रविवारी सांडू पक्कड घेऊन हजर झाला. "तोडून टाकू का, वहिनी, वायर?"

"हात लावायचा नाही," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं माझ्या तोंडातून निघत नव्हतं, ते आता रोज आयतं ऐकायला मिळतंय."