अन्नपूर्णेची आंघोळ

लखनौच्या पाण्याला सरळ केल्याशिवाय बदली मागणार नाही, असं नरहररावांनी सगळ्या विकास नगरला ऐकवून ठेवलं होतं. आता रेल्वेत इंजिनियर म्हणून वीस वर्षं काढलेल्या माणसाने बोलावं ते थोडंच! पण पाणीही तितकंच जड. डाळ शिजता शिजेना, साबणाला फेस येईना, आणि नवी कोरी बादली महिन्याभरात चुना लावल्यासारखी पांढरी होई.

मग त्यांना तेजाबाचा शोध लागला. संडास धुवायचा तो तेजाब! त्यात पाणी घालून त्यांनी आधी गीझरची कॉइल चकचकीत केली, मग नळ, मग किटली. शेजारचे गोपीनाथजी आपली शॉवरची जाळी घेऊन आले आणि "वाह साहब" म्हणून गेले. तिथेच घात झाला. कौतुक फुकटचं असलं तरी चढतंच हो! नरहरराव घरभर पांढरं काही दिसतंय का ते बघत हिंडू लागले.

आणि त्यांना देवघर दिसलं.

देवघरात त्यांच्या बायकोची, प्रतिमाची, पितळी अन्नपूर्णा होती. प्रतिमाच्या आईने ती आपल्या देव्हाऱ्यातून काढून लग्नात गौरीहरापाशी तिच्या हाती दिलेली. आई जाऊन चार वर्षं झाली होती. आता आठ दिवसांवर लेकीचं, स्वरदाचं लग्न, आणि हीच अन्नपूर्णा तिच्यासोबत सासरी जायची होती. रोजच्या आंघोळीने बिचारी पार पांढुरकी झाली होती. लेकीला अशी द्यायची? छे! प्रतिमा अमीनाबादच्या बाजारात साड्या आणायला गेली आहे तोवर उजळून ठेवावी, बायको खूश होईल, असा साधा सरळ विचार. वाईट हेतू कणभर नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

पाच मिनिटं म्हणून त्यांनी अन्नपूर्णेला तेजाबात बसवलं. तेवढ्यात गोपीनाथजींनी हाक मारली. त्यांच्या गीझरचं झाकण काही केल्या निघेना. ते निघालं, चहा झाला, पाण्यावर एक व्याख्यान झालं, आणि नरहरराव परतले तेव्हा दोन तास उलटले होते.

पांढरा थर गेला होता. पिवळा रंगही गेला होता. मूर्ती तांबूस, खरखरीत, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता गोळा. चिंचेने घासून पाहिलं, तर उरलासुरला आकारही पुसट झाला.

मूर्ती रुमालात गुंडाळून ते रिक्षाने अमीनाबादला धावले. तशीच दुसरी मिळाली तर कुणाला कळणार होतं? पण मांडीवर पळी घेऊन बसलेली आपली अन्नपूर्णा तिथे कुणाला ठाऊक! दुकानदार आधी वाघावरची देवी दाखवी, मग कमळातली. चौथ्या दुकानात एकदाची पळीवाली निघाली, आणि नरहररावांनी रुमालातली जुनी तिच्या शेजारी धरून उंची ताडून पाहिली.

"अहो, तुम्ही इथे?"

मागे प्रतिमा, हातात साड्यांच्या पिशव्या. नरहरराव काही जुळवणार, तोच दुकानदाराने भाभीजींना समजावलं, की साहेब जुनी मूर्ती देऊन नवी नेतायत. प्रतिमाने रुमाल उलगडला. ती रागावली असती तर किती बरं झालं असतं! ती नुसती अंगठ्याने मूर्तीचा चेहरा चाचपत राहिली.

"आई रोज हिचं तोंड बोटाने पुसायची," ती म्हणाली. "नाक डावीकडे जरा झिजलं होतं ना, ते तिच्या बोटाने. स्वरदाला मी तेच द्यायचं म्हणत होते."

नरहररावांनी मूर्तीकडे बोट केलं.

"क्षाराचा मात्र एक कण राहिला नाही बघ."

"नाही राहिला," प्रतिमा म्हणाली. तिने रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि दुकानदाराला सांगितलं, "भैया, वो नई वाली दे दो. बेटी के लिए है. कोई भी चलेगी अब."