हाँगकाँगचा केर

मुलांनो, पिंपरीच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत कुणाकडचा पाहुणा निघाला की शेजारचे दत्तोपंत कुंपणाशी येऊन विचारत, "कुठली गाडी? पोचणार कधी?" ही चौकशी पाहुण्यासाठी नसे, केरसुणीसाठी असे. गेलेला माणूस मुक्कामी पोचेपर्यंत मागे घरात केर काढायचा नाही, हा त्यांचा नियम. एकदा माझा भाऊ पुण्याला निघाला आणि मी झाडायला घेतलं, तर पलीकडून हाक आली, "वहिनी, ठेवा खाली! तो अजून खडकीलाही पोचला नसेल!"

गंमत म्हणजे हा माणूस स्वच्छतेचा वेडा. कारखान्यात औषधाच्या बाटल्या तपासायचं काम, तीच नजर घरी. बायको वारलेली. स्वतःच येता-जाता झाडत. खुर्चीखाली कण दिसला तर भरल्या ताटावरून उठत.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या, सुमनच्या नवऱ्याला हाँगकाँगला नोकरी लागली. छोट्या मुलीला घेऊन ती विमानानं जाणार होती. दत्तोपंत आमच्याकडे आले. तुमच्या आजोबांनी नकाशावर दोरा धरला. "मुंबईहून साधारण पावणेतीन हजार मैल."

"मैल राहू द्या हो. वेळ सांगा."

मी विमान कंपनीचं इंग्रजी पत्रक वाचलं. कलकत्ता, बँकॉक हे थांबे धरून जेमतेम एक दिवस, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

दत्तोपंत हरखले. "आमचे मामा बोटीनं रंगूनला गेले तेव्हा घराचा उकिरडा झाला होता. विमान फार स्वच्छ वाहन!" मग गंभीर झाले. "पण थांब्यावर विमान उभं असताना झाडलं तर?"

"नियम तुमचा, तुम्हीच ठरवा," मी म्हटलं.

"आणि तिथलं घड्याळ अडीच तास पुढे म्हणता. मग पोचायची वेळ तिची धरू की माझी?"

आजोबा कंटाळून म्हणाले, "तार आली की झाडा, दत्तोपंत."

सुमन गेली. दिवस उलटला, दुसराही गेला. तार नाही. दत्तोपंत रजा टाकून ओट्यावर बसून राहिले. भांडी घासायला येणारी रहाटणीची गंगूबाई दारातून ओरडली, "आण्णा, पाय ठिवायला जागा न्हाई! इमान अजून वरच हाय व्हय?" एरवी तिला शब्दाला शब्द देणारे दत्तोपंत रस्त्यावर तारवाल्याची सायकल शोधत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तार आली. इंग्रजी, म्हणून मी वाचून दाखवली. सगळे सुखरूप पोचले होते. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली, धोतर वर खोचलं आणि केरसुणी घेतली. संध्याकाळपर्यंत घर लख्ख.

मी चहा घेऊन गेले तर पलंगाजवळच्या कोपऱ्यात चुरमुरे पसरलेले. निघायच्या गडबडीत नातीनं सांडलेले. मुंग्यांची रांग लागली होती. एवढे कसे राहिले, असं वाटून मी केरसुणीला हात घातला.

"असू द्या, वहिनी," दत्तोपंत म्हणाले. "मुंग्या नेतील सावकाश."