गुळगुळीत रस्त्याचा गुन्हा

एका जंगलात, बाळांनो, एक रस्ता होता. जंगलातले सगळे त्याला रस्ता म्हणत, म्हणून आपणही म्हणायचे. वाघमहाराजांच्या गुहेपासून निघून टेकडी ओलांडून तो थेट पाणवठ्यापर्यंत जाई. त्यात खड्डे होते, आणि खड्ड्यांच्या मध्ये मध्ये थोडा रस्ताही होता.

या रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असलेला प्राणी. तिला एक मुलगी होती, बारकी. बारकीचा मागचा पाय मोडला होता. कसा मोडला? खड्ड्यात पडून मोडला. आता दर वाक्याला प्रश्न विचारायचे असतील तर मी गोष्ट सांगणार नाही.

हाडवैद्य म्हणजे अस्वलकाका. ते राहत पाणवठ्याजवळ, रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला. साळूने बारकीला ढकलगाडीवर निजवले आणि निघाली. गाडी आदळत आपटत गेली आणि बारकी वाटभर रडत गेली. अस्वलकाकांनी पाय चाचपला, पाला वाटून लावला, बांबूच्या पट्ट्या बांधल्या.

"साळू, हिला दर आठवड्याला आणायची," ते म्हणाले. "हाड हळूहळू बसवावं लागेल. पण असे दणके बसत राहिले तर मी बसवलेलं वाटेतच निसटायचं. मग पोर जन्माची लंगडी होईल बघ."

"मग आणू कशी, काका?"

"एखादा बरा रस्ता बघ."

वैद्यच ते. औषध सांगायला त्यांचे काय जाते!

पण देव दयाळू असतो, आणि कधी कधी चुकून सरकारही. त्याच सुमारास प्रधान बगळेसाहेबांनी दवंडी पिटवली. हे बगळेसाहेब दिवसभर चिखलात उभे असत आणि तरी पांढरेशुभ्र दिसत. प्रधानपदाला आणखी काय लागते? तर दवंडी अशी, की आपल्या जंगलात अखिल अरण्य सायकल महाशर्यत होणार! देशोदेशीचे चित्ते आणि शहामृग सायकली घेऊन येणार. जगाच्या नकाशावर आपले जंगल झळकणार.

जंगलात आनंदीआनंद झाला. एकाही प्राण्याकडे सायकल नव्हती, पण त्यामुळे कुणाच्या आनंदाला बाध आला नाही.

रस्ता दुरुस्त करण्याचे काम रानडुक्करशेठना मिळाले. त्यातले बहुतेक खड्डे शेठनीच आपल्या सुळ्यांनी उकरलेले होते. त्यामुळे कुठे काय बुजवायचे हे त्यांना शोधावे लागले नाही. अनुभवी ठेकेदार म्हणतात तो असा. शेवटी हत्ती रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळला आणि रस्ता आरशासारखा गुळगुळीत झाला.

साळू तो बघायला आली आणि तिथेच रडली. आनंदाने रडली. मग घरी जाऊन बारकीला ढकलगाडीवर घालून घेऊन आली. रस्त्याच्या तोंडाशी बांबू आडवा लावला होता आणि पिवळी टोपी घातलेले एक माकड शिट्टी वाजवत उभे होते.

"साळूबाई, मागं फिरा. शर्यत होईस्तोवर रस्ता बंद."

"अरे, पण रस्ता तर झालाय ना?"

"झालाय म्हणून तर बंद. नव्हता तेव्हा कुणी अडवलं होतं का तुम्हाला?"

"पोरीचा पाय मोडलाय रे माझ्या. कडेकडेनं नेते, हळूच."

"आणि तुमचे काटे? एखादा गळला न् पाहुण्यांच्या टायरात घुसला, तर जंगलाची इज्जत जायची. वरून ऑर्डर आहे. साळिंदराला तर मुळीच सोडायचं नाही."

साळू परत फिरली. त्या दिवसापासून ती रोज देवाला हात जोडी, "देवा, तेवढी शर्यत लवकर होऊ दे." सगळ्या जंगलात शर्यतीची खरी गरज असलेली ती एकटीच होती.

आता जरा महाराजांकडे येऊ. उद्घाटन त्यांच्याच हस्ते व्हायचे होते. बगळेसाहेबांच्या मनात आले, की नुसती फीत कापण्यात काय शोभा आहे? महाराजांनी स्वतः सायकलवरून यावे.

"महाराजांना सायकल येतच असेल," बगळेसाहेब म्हणाले.

"आम्हाला काय येत नाही?" महाराज गुरगुरले.

या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारे प्राणी महाराजांनी पूर्वीच खाल्ले होते. त्यामुळे रंगीत तालीम ठरली. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी बगळेसाहेबांनी खास मागवलेली सायकल धरली, महाराज बसले, आणि रानडुक्करशेठनी मागून ढकलले. रस्ता उताराचा. सायकल जी सुटली ती सुटलीच.

"महाराज, ब्रेक! ब्रेक दाबा!"

"आम्ही कुणाच्या सांगण्यावरून थांबत नसतो!"

आणि पहिल्याच वळणावर महाराज करवंदीच्या जाळीत गेले. सायकल वर आणि महाराज खाली. मिश्यांत काटे, शेपूट चेनमध्ये. हसू नका. ते दोघेही हसले नाहीत, म्हणून तर एक प्रधान आहे आणि दुसरा शेठ.

दुपारी दवंडी झाली, "अपरिहार्य कारणास्तव महाशर्यत रद्द करण्यात येत आहे हो!"

अपरिहार्य कारण म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून प्रत्येकाने ते दुसऱ्याला समजावून सांगितले. पोपटाने झाडोझाडी बातमी दिली, की यामागे शेजारच्या जंगलाचा हात आहे. आदल्या दिवशीपर्यंत हाच पोपट सायकलीने जंगलाचे भाग्य कसे उजळणार ते सांगत होता. आता सायकल हा मुळी आपल्या मातीतला खेळच नव्हे, हे तो त्याच आवाजात सांगू लागला. तरस म्हणाले, "मी आधीच म्हणालो होतो." काय म्हणाला होतास, असे विचारले तर ते नुसतेच हसे.

हत्तीने वेशीवर 'हार्दिक स्वागत' असा फलक लावला होता. त्याने 'स्वागत' पुसून तिथे 'निषेध' लिहिले. 'हार्दिक' तसेच राहू दिले, रंग कशाला वाया घालवा? मोराने स्वागताचा नाच बसवला होता. तोच त्याने शोकसभेत करून दाखवला, फक्त सावकाश. सगळ्यांचे डोळे पाणावले. कित्येकांना सायकल म्हणजे काय ते तिथेच पहिल्यांदा कळले आणि आपले केवढे नुकसान झाले आहे याची जाणीव झाली. माकडांनी तर मोर्चाच काढला. "शर्यत झालीच पाहिजे, टोप्या परत देणार नाही!" अशा घोषणा देत ती सगळी राजगुहेकडे गेली. पाहुण्या चित्त्यांना मात्र कुणी काही कळवलेच नाही. ते बिचारे अजून वाटेत असतील.

प्रतिक्रिया घ्यायला पोपट साळूकडेही गेला.

"साळूबाई, एवढी मोठी शर्यत रद्द झाली. तुम्हाला कसं वाटतंय?"

"रस्ता उघडला का रे?" साळूने विचारले.

"ते आमच्याकडे येत नाही," पोपट म्हणाला आणि उडून गेला.

साळू स्वतःच बघायला गेली. पहारा मोर्चाला गेलेला होता. तिने बांबू बाजूला सारला आणि बारकीची गाडी रस्त्यावर घातली.

बारकीने डोळे गच्च मिटले होते आणि दात आवळले होते. दणक्याची वाट पाहत ती तशीच पडून राहिली. बऱ्याच वेळाने तिने एक डोळा उघडला.

"आई, निघायचं ना आता?"

"अगं, टेकडी ओलांडली आपण."

बारकीने दोन्ही डोळे उघडले. आभाळ सरळ चालले होते, हलत नव्हते. पाय मोडल्यापासून ती नीट झोपली नव्हती. आता तिथेच, भर दुपारी, गाडीवर तिला झोप लागली.

अस्वलकाकांनी पट्टी सोडली आणि ते थक्क झाले. "हाड जागेवर आहे! आणलीस कुठून हिला?"

"रस्त्यानं, काका."

"कुठल्या?"

"आपल्याच."

काकांचा विश्वास बसायला वेळ लागला. मग म्हणाले, "अशा आणखी दोन-तीन खेपा झाल्या ना साळू, की ही पोर उड्या मारत घरी जाईल."

परतताना साळू गाणे गुणगुणत होती. आपले गळलेले काटे मात्र ती वाकून वाकून वेचत होती. उगाच कुणाच्या पायात जायला नकोत.

इकडे महाराजांचा राग शांत होत नव्हता. कुणाची तरी चूक असायलाच हवी होती. महाराज चुकत नसतात. सायकल महाराजांची, म्हणजे तीही चुकत नाही. उरला कोण? रस्ता. चौकशी समिती नेमली गेली. बगळेसाहेब अध्यक्ष आणि रानडुक्करशेठ तज्ज्ञ. वडाखाली सभा भरली. महाराजांच्या मिश्यांत अजून करवंदीचे दोन काटे होते. ते सगळ्यांना दिसत होते आणि कुणीही पाहत नव्हते.

"पूर्वी या रस्त्यावर कुणी सायकलवरून पडल्याचं ऐकलंय का?" शेठनी विचारले.

"नाही, नाही!" सभा म्हणाली.

"कारण पूर्वी खड्डे होते. खड्डे गेले आणि धोका आला. समजा, उद्या एखादा थोर प्राणी घसरला तर?"

सभेच्या अंगावर काटा आला. साळूच्या अंगावर तो आधीपासून होताच. ती उभी राहिली.

"महाराज, त्याच रस्त्यानं मी माझ्या लेकीला नेलं. एक दणका बसला नाही. कुणी पडलं नाही. तेवढा रस्ता राहू द्या, पाया पडते."

"म्हणजे बंद रस्त्यावरून तुम्ही गेलात?" बगळेसाहेबांनी मान वर केली. "आणि तुमचे काटे?"

"वेचले ना सगळे."

"म्हणजे पडले होते!"

सभेने सुटकेचा निःश्वास टाकला. अपरिहार्य कारण अखेर सापडले होते. काटे पडले ते शर्यत रद्द झाल्यानंतर, ही बारीकशी गोष्ट एवढ्या आनंदात कोण बघतो? पोपट बातमी घेऊन उडाला, आणि साळूकडे बघून हत्तीनेसुद्धा नाक मुरडले. हत्तीने नाक मुरडले म्हणजे ते सगळ्यांना दिसते.

महाराजांनी हुकूम दिला, रस्ता पूर्ववत करा. काम अर्थातच शेठना मिळाले. प्रत्येक खड्डा त्यांनी मूळ जागी काढला, आणि या वेळी चांगला खोल, टिकाऊ काढला. जंगलाने टाळ्या वाजवल्या. आपला रस्ता आपल्याला परत मिळाला म्हणून म्हातारी मंडळी गहिवरली. एक आजोबा तर एका खड्ड्याच्या काठी बसून नातवंडांना सांगत होते, की याच्यात माझे वडील पडले होते.

पुढच्या आठवड्यात साळू ढकलगाडी घेऊन निघाली. टेकडी यायच्या आधीच बारकी किंचाळली. अस्वलकाकांनी पट्टी सोडून पाहिले आणि पुन्हा बांधली. हाड जागेवर नव्हते.

येताना वाटेत बारकी म्हणाली, "आई, शर्यत पुन्हा कधी रद्द होणार गं?"

साळू पुढचा खड्डा बघत होती. बारकी आता मोठी झाली आहे आणि लंगडते.

तात्पर्य: बाळांनो, 'नाचता येईना, अंगण वाकडे' असे म्हणून कुणाला हिणवू नये. आधी नाचणारा कोण ते बघावे. तो राजा असला, तर अंगण खणून खरोखरच वाकडे करून मिळते. मग त्या अंगणात ज्याचा पाय मोडेल त्याला खुशाल हसावे आणि म्हणावे, तुला नाचता येत नाही.