नजर उत्तम, धान चाळीस पोती

दादाजींना दिसत नाही, हे मोहाटोलीत सगळ्यांना माहीत होतं. फक्त सैन्याला माहीत नव्हतं, आणि रजा सैन्य देतं.

दादाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चंद्रपूरच्या डॉक्टरने ऑपरेशनची तारीख दिली होती, दहा डिसेंबर. अट एकच होती. सोबत घरचं माणूस पाहिजे आणि नंतर पंधरा दिवस वेळच्या वेळी डोळ्यांत औषध टाकायला कोणी पाहिजे. घरचं माणूस म्हणजे इंदुताई, त्यांची बायको. ती मागच्या पौषात गेली. उरला एकुलता एक मुलगा विक्की, तो आसामात शिपाई. आईच्या वेळी तो चौथ्या दिवशी पोचला होता. गावात धानाची कापणी चालू होती, त्यामुळे शेजाऱ्यांकडे माया होती, वेळ नव्हता.

विक्कीने अर्ज केला. वडिलांना दिसत नाही, दहा डिसेंबरला ऑपरेशन आहे, घरी दुसरं कोणी नाही, पावसाळ्यात घराची भिंत पडली, वीस दिवस रजा मिळावी. सैन्यात असे अर्ज रोज येतात, आणि एकेका जवानाची आजी तीन-तीनदा वारलेली असते. म्हणून पलटणीने खरं-खोटं विचारायला जिल्ह्याला पत्र लिहिलं. जिल्ह्याने ते मूल या तालुक्याच्या गावच्या 'सैनिक परिवार साहाय्य व माहिती केंद्रा'कडे पाठवलं.

केंद्र म्हणजे एक खोली, खोलीपेक्षा लांब फलक आणि गुणवंतराव. गुणवंतरावांनी सैन्यात अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली होती आणि आता ते विनामोबदला सेवा करत होते. केंद्र उघडलं होतं ते जवानांच्या घरच्यांना माहिती देण्यासाठी. उघडल्यापासून ते घरच्यांकडून माहिती घेत होतं, तीन प्रतींत. साहाय्याचा रकाना फॉर्मच्या मागच्या पानावर होता, आणि मागचं पान छापायचं राहून गेलं होतं.

पत्रावर लाल शाईत 'गोपनीय' लिहिलं होतं. आपण कोण, कशासाठी आलो, हे कोणाला सांगू नये. गुणवंतरावांनी इस्त्रीचे पांढरे कपडे घातले, बगलेत डायरी मारली आणि एसटीने मोहाटोली गाठली.

दिवाळी नुकतीच झाली होती, सोयरिकीचे दिवस. अशा दिवसांत अनोळखी माणूस पांढरे कपडे घालून येतो आणि लग्नाच्या पोराचं घर विचारतो, त्याचा मोहाटोलीत एकच अर्थ होतो. अशा वेळी शेजाऱ्याने काय बोलायचं तेही ठरलेलं असतं. पोराची सोयरिक मोडेल असा शब्द काढणारा शेजारी त्या गावात आजवर निपजला नव्हता.

पानठेल्यावर दादाजींचा शेजारी लहानू बसला होता.

"दादाजी कुठे राहतात?" गुणवंतरावांनी विचारलं.

"इथीच राह्यतेत जी. काऊन?"

"सहज. मुलगा सैन्यात आहे ना त्यांचा? दादाजींची तब्येत कशी आहे?"

लहानूने विडी विझवली. "तब्येत? बैल हाये जी, बैल."

"डोळ्यांचा काही त्रास?"

"तलावाच्या पाळीवर कोणतं पाखरू बसलं, ते अंगणातून सांगते."

"आणि घर?"

"पक्कं हाये. चाला, दाखवतो." मग विहिरीकडे तोंड करून पाणी भरणाऱ्या शेजारणीला लहानूने आवाज दिला, "सोमारीबाई, दादाजीकडे पाव्हणे आले जी. पोराची चौकशी करून राह्यले. मी यायले अगोदर तलाव दाखवून आणतो."

गुणवंतरावांना तलाव पाहायचा नव्हता, पण लहानूने दाखवला. मग शाळा दाखवली. मग पाणी न लागलेली बोअरवेल दाखवली.

तेवढ्या वेळात सोमारीबाईने अर्धी आळी कामाला लावली. पडलेल्या भिंतीच्या भगदाडात चार घरची धानाची पोती रचली, वर नवी चादर टाकली. जावयासाठी ठेवलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. एकीवर दादाजींना बसवलं.

"मान सरळ ठेवा जी, अन् कोणी बोललं का तिकडे पाहा. आंधळा सासरा कोणालेच नोको असते," सोमारीबाई म्हणाली.

"मी आंधळा हाये ना पण."

"लग्न होऊ द्या, मंग व्हा."

माझ्यामागे घरात सून आली तरच चूल पेटेल, असं इंदुताई म्हणायची. दादाजींनी मान सरळ केली.

गुणवंतराव आले. दादाजींनी आवाजाच्या दिशेने हात जोडले. कप बशीवर वाजला तसा बरोबर उचलला. गुणवंतरावांनी डायरीत काहीतरी लिहिलं. भिंतीवर हार घातलेला फोटो होता.

"या कोण?"

"माही मालकीण, जी." दादाजींनी फोटोच्या खिळ्याकडे तोंड केलं. खिळा त्यांनीच ठोकला होता. "हिरवं लुगडं घातलं हाये ना, ते तिच्या आवडीचं. नाकात चमकी हाये. पदर डोईवरून घसरला, तो मी म्हणलो राहू दे."

चमकी आणि पदर फोटोत खरंच तसेच होते. गुणवंतरावांनी लिहिलं, 'नजर उत्तम.'

"म्हणजे घरात बायकांपैकी कोणी नाही?"

"नाई जी," सोमारीबाई मध्येच म्हणाली, "तेच तं बरं हाये. घरात सासुरवास कोणाचा नाई."

इंदुताईच्या मरणाचा हा फायदा दादाजींनी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी चहा संपवला. गुणवंतरावांनी लिहिलं, 'घरात शांतता.'

अहवाल दुसऱ्या दिवशी गेला. चांगल्या बातम्या सरकारात लवकर पोचतात. वडील ठणठणीत, नजर उत्तम, भिंत पडलेली दिसली नाही, धान चाळीस पोती. रजेचं कारण आढळून येत नाही.

विक्कीचा फोन दर रविवारी मूलला रफीकच्या बूथवर यायचा. रफीकचा एसटीडी बूथ आणि फोटो स्टुडिओ एकाच गाळ्यात होता, केंद्राच्या भिंतीला लागून. लहानू दादाजींचा हात धरून त्यांना घेऊन आला.

"बाबा, तुमाले दिसते म्हणे," विक्की म्हणाला.

"कोण म्हणते?"

"सरकार. लेखी हाये. धान बी चाळीस पोते हाये म्हणे."

"आपले तं सहाच होते."

"रजा नामंजूर झाली, बाबा. साहेब म्हणते, खोटा अर्ज करतो काय? आता दुसरा केला तं शिक्षा लागन मले."

दादाजींनी फोन ठेवायला जागा चाचपली. रफीकने तो त्यांच्या हातातून घेतला.

"लहान्या," दादाजी म्हणाले, "तो पोरीचा बाप नव्हता."

गावात पोचल्यावर लहानूने आळीतल्या सगळ्यांना गोळा केलं. यापुढे कोणीही पांढऱ्या कपड्यात आला तर खरं सांगायचं. नुसतं खरं नाही, ठासून खरं. पोती ज्याची त्याला परत गेली.

पाचव्या दिवशी दसरू आले. धानोऱ्याकडचे माणूस, पांढरं धोतर, पांढरा सदरा. त्यांना लग्नाची मुलगी होती आणि विक्कीचं नाव कोणीतरी सुचवलं होतं.

"दादाजींचं घर कुठी आलं, भाऊ?"

लहानूने त्यांना तलाव दाखवला नाही. सरळ घराच्या मागे नेलं आणि पडलेल्या भिंतीतून आत घातलं.

"हे पाहा जी. दार हाये तिकडून, पण आमी इकडूनच येतो. म्हातारा पार आंधळा. मालकीण वारली. चूल कधी पेटते, कधी नाई."

"हाव जी," सोमारीबाई म्हणाली. "काल भाजीत मिठाच्या जागी सोडा टाकला त्यायनं."

"अरेरे," दसरू म्हणाले. "अन् पोरगा कसा हाये?"

"पोराचं सोडा जी. बापाचं लिवा."

"लिवू? कायच्यावर लिवू?"

"डायरी नाई आणली? मंग ध्यानात ठेवा. डोळे दोन्ही गेले, असं लिवा. यायले हात लावून पाहा पायजे तं."

दसरूंनी हात लावून पाहिला नाही. चहालाही थांबले नाहीत. लहानू त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेला आणि वाटेत राहिलेली दोन संकटं सांगून आला.

मूलला दसरूंची पुढची गाडी दीड तासाने होती. ते रफीकच्या बाकावर टेकले आणि पाणी पिऊन म्हणाले, "काय गाव हाये, बाप्पा. शेजारीच सोयरिक मोडतेत. सैन्यातला पोरगा म्हून गेलो, तं म्हणे बाप आंधळा, भिंत पडली. भिंत तं मीच पाह्यली. तिच्यातूनच गेलो."

"मोहाटोलीचे दादाजी?" रफीक म्हणाला. "बहोत अच्छा आदमी हाये. त्यायच्या बाईचा फोटो मीच मोठा करून देल्ला. हातात देल्ला तं नुसता हात फिरवत राह्यले त्याच्यावरून. मले विचारते, रफीकभाऊ, लुगडं हिरवंच दिसते ना? आता ब्लॅक अँड व्हाईट फोटो, मी का सांगू? हाव म्हणलो."

भिंतीपलीकडे गुणवंतराव तिसरी प्रत काढत होते. त्यांचं पेन थांबलं. हिरवं लुगडं त्यांनी डायरीत लिहून घेतलं होतं. फोटो काळा-पांढरा होता, हे त्यांनी स्वतःच्या चांगल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

सहा डिसेंबरला जाणारं टपाल दहा तारखेच्या आत आसामात पोचत नाही. गुणवंतराव उठले, रफीकच्या बूथवर आले आणि पहिल्यांदा केंद्राच्या नावाने पलटणीला फोन लावायला सांगितला. पण पहिला अहवाल चुकला असं म्हणायला त्यांची जीभ वळेना. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा एकही अहवाल चुकला नव्हता. म्हणून त्यांनी पूरक अहवाल सांगितला. मागील भेटीनंतर अर्जदाराच्या वडिलांची दृष्टी अचानक गेली. घराची भिंत अचानक पडली. चाळीस पोती धान आता आढळून येत नाही. घरात शांतता पूर्वीप्रमाणेच.

सहा महिन्यांपासूनच्या संकटाला सैन्य दाद देत नाही. पंधरा दिवसांत आलेल्या संकटाला देतं. रजा मंजूर झाली. विक्की दहाला काही पोचला नाही. अकराला पोचला, बाराला दादाजींना चंद्रपूरला नेलं, आणि डॉक्टरने उशीर झाला म्हणून रागावून एका डोळ्याचं ऑपरेशन केलं.

पट्टी निघाल्यावर दादाजी घरी आले आणि फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

"काळं-पांढरं हाये," ते म्हणाले.

"हाव बाबा. रंगीत करून आणू का रफीकभाऊकडून?"

"नोको. रंग मले माहीत हाये."

रजेचे पाच दिवस उरले असताना गुणवंतराव पुन्हा मोहाटोलीत उतरले. तेच पांढरे कपडे. बगलेत डायरी नव्हती, हातात पेढ्यांची पुडी होती. पानठेल्यावर लहानू बसला होता. या वेळी तो फसणार नव्हता.

"थांबा जी," तो म्हणाला. "अगोदर सांगा, सरकारी का सोयरे?"

गुणवंतरावांनी पुडी या हातातून त्या हातात घेतली. "माझी भाची आहे, चंचल. या वेळी सोयरे."

लहानूने विडी विझवली आणि उठून धोतर झटकलं.

"मंग चाला. भिंत एकदम पक्की हाये जी."

"लहानूभाऊ, ती पडली आहे हे मीच लिहून दिलं."

"ते सरकारले देल्लं," लहानू म्हणाला. मग विहिरीकडे तोंड करून त्याने आवाज दिला, "सोमारीबाई, पाव्हणे आले जी. मी यायले तलाव दाखवून आणतो."