उजवी बाजू वर

चीनमधील त्या प्राचीन शहराच्या तटबंदीत, भाड्याचा पोशाख कोणत्या बाजूने गुंडाळला आहे यावर माणूस जिवंत की मृत हे ठरते. डावी बाजू वर असेल तर जिवंत, उजवी असेल तर मृत. वेशीवरचा कारकून तशी नोंद करतो.

वाईच्या इंदुमती परचुरे यांना हे ठाऊक नव्हते. दुकानदारीण पोशाख नेसवून द्यायला पुढे आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं लुगडं नेसते आहे. मला काय शिकवता?" उजव्या हातातले टोक सवयीने डावीकडे नेऊन त्यांनी नाडी बांधली. त्यांची थोरली, अविवाहित नणंद द्वारकाबाई यांनी मात्र कसे ते विचारून नेसवून घेतले. विचारणाऱ्याचा अपमान होत नाही.

दोघी लगबगीने निघाल्या. रुंद बाह्या वाऱ्याने फुगत होत्या.

"वन्सं, मी राणीसारखी दिसते का?"

"राणीच्या दासीसारखी. चल, दार चारला बंद होतं."

ते दार करुणादेवीच्या मंदिराचे. गेल्या वर्षी इंदुमतीबाईंचे यजमान याच शहरात आजारी पडले होते. तेव्हा द्वारकाबाईंनी भावासाठी वाईहून या देवीला दिव्याचा नवस बोलला. भाऊ बरा झाला. मंदिर वर्षातून एकच दिवस उघडते, आणि तो दिवस आजचा होता.

वेशीवर कारकुनाने इंदुमतीबाईंकडे पाहून वेळ लिहिली. "या दोन वाजून दहा मिनिटांनी वारल्या," त्याच्या दुभाषी यंत्राने शुद्ध मराठीत सांगितले. "आपण कोण?"

"नणंद."

"आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत."

आतील गर्दीने इंदुमतीबाईंना अदबीने वाट दिली. एका फळवाल्याने दोन्ही हातांनी संत्रे अर्पण केले.

"वन्सं, मरण फार सोयीचं आहे हो."

द्वारकाबाई थांबल्या. "मला दहा दिवसांचं सूतक लागलं. देवळात पाऊल टाकता यायचं नाही."

इंदुमतीबाईंचा चेहरा उतरला. "मी लावते ना दिवा."

"नवस माझा आहे."

दोघी वेशीवर परतल्या. इंदुमतीबाई नाडीची गाठ सोडू लागल्या. कारकून म्हणाला, "गाठ सोडल्याने मृत्यू रद्द होत नाही. पुन्हा जिवंत होण्याचे अर्ज उद्या सकाळी नऊला."

"चुकलंच माझं," इंदुमतीबाई म्हणाल्या. "विचारायला हवं होतं."

द्वारकाबाईंनी घड्याळ पाहिले; तीन वाजून गेले होते. मग त्यांनी कारकुनाला विचारले, "मेलेल्या माणसाला सूतक असतं का?"

त्याने ग्रंथ चाळला. "नाही. सूतक जिवंतांना."

द्वारकाबाईंनी आडोशाला जाऊन नाडी सोडली आणि उजवी बाजू वर घेतली. आयुष्यात भावजयीचे अनुकरण त्यांनी प्रथमच केले. कारकुनाने लिहिले: तीन वाजून दहा मिनिटे.

मंदिराच्या दारात द्वारकाबाई नेहमीप्रमाणे पुढे झाल्या. द्वारपालाने हात आडवा केला. "ज्या आधी वारल्या, त्या आधी."

द्वारकाबाई मागे सरल्या. "जा, इंदू. तू तासाभराने ज्येष्ठ आहेस."

इंदुमतीबाई आत गेल्या आणि वळून त्यांनी हात पुढे केला. "या, वन्सं. उंबरा उंच आहे."

दिवा पहिल्याच काडीला लागला.